रेघ ओढण्याआधी थोडं बोलूया

अगं, रागावलीस ते बरोबरच आहे. सुट्टीत आजोळी राहून वाडीचे रस्ते, ओढा, शाळा, देवळं सगळं निगुतीने ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या मोकळ्या नकाशावर चढवलंस आणि आठ दिवसांत कुणा अनोळखी माणसाने त्यातलं अर्धं काढून टाकलं. वर इंग्रजीत एक कोरडी ओळ: हे कुठून घेतलं? आता तू मला विचारतेस, ताई, मी सॉफ्टवेअर चुकीचं निवडलं का, दुसरं कुठलं घेऊ? सांगते. पण या कामात सॉफ्टवेअर निवडणं आणि माणसांशी बोलणं एकमेकांत इतकं गुंतलेलं आहे की एकाबद्दल सांगताना दुसरं येणारच. तेव्हा जरा लांबण लागेल, कंटाळू नकोस.

आधी त्या माणसाचा प्रश्न घेऊ. तो उर्मट वाटला तरी या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी तोच प्रश्न आहे. २००४ साली लंडनमध्ये शिकणाऱ्या स्टीव्ह कोस्टने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केलं तेव्हा ब्रिटनचे चांगले नकाशे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेच्या ताब्यात होते. वापरायचे तर पैसे मोजा, आणि मोजूनही हवे तसे वापरता येतील असं नाही. नक्कल केली तर काय होतं तेही लोकांनी नुकतंच पाहिलं होतं. २००१ साली तिथल्या ऑटोमोबाइल असोसिएशनला ऑर्डनन्स सर्व्हेचं काम उचलल्याबद्दल दोन कोटी पौंड देऊन तडजोड करावी लागली. नकाशावाले आपल्या कामात बारीक खुणा पेरून ठेवतात, कधी नसलेली गल्ली, कधी रस्त्याला उगाच दिलेला बाक, आणि ती खूण दुसऱ्याच्या नकाशात उगवली की चोर सापडतो.

म्हणून इथे दुसऱ्याचा नकाशा समोर ठेवून रेघ ओढत नाहीत. गूगल मॅप्सवरून तर नाहीच, त्याच्या उपग्रहचित्रावरूनही नाही. मायक्रोसॉफ्टने बिंगची हवाई चित्रं २०१० पासून या कामासाठी वापरू दिली आहेत, ती चालतात. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जी चित्रं आधीच दिलेली असतात ती परवानगी घेतलेली असतात. तू चालत जाऊन फोनच्या जीपीएसने रस्ते नोंदवलेस, म्हणजे तुझा स्रोत सगळ्यांत चांगला. फक्त तो तू कुठे लिहिलाच नाहीस. जतन करताना टिप्पणीची चौकट येते ना, ती रिकामी सोडलीस. समोरच्याला दिसलं काय? एक नवं खातं, एका बैठकीत शंभरेक नोंदी, स्रोताचा पत्ता नाही. त्याला वाटलं, गूगलवरून उचललं. त्याने काढण्याआधी विचारायला हवं होतं, यात वाद नाही. पण त्याच्या जागी बसलं की त्याला काय दिसत होतं ते कळतं.

तू म्हणशील, एवढी कटकट कशाला, सरळ गूगललाच माहिती देऊन टाकते, तिथे निदान कुणी तोंडावर प्रश्न विचारत नाही. ते लोकांनी करून पाहिलंय बयो. २००८ साली गूगलने मॅप मेकर नावाचं साधन काढलं, आणि भारतात त्यावर लोक अक्षरशः तुटून पडले. आपापल्या गल्ल्या, चौक, दवाखाने भरत बसले. ३१ मार्च २०१७ ला कंपनीने ते बंद केलं. भरलेली माहिती गूगल मॅप्समध्ये राहिली, पण ती भरणाऱ्यांना उचलून दुसऱ्या मोकळ्या नकाशात नेता येईना, कारण ती त्यांची नव्हतीच. मला त्या कंपनीचा राग नाही. धंदा आहे, त्यांनी कधी वेगळं सांगितलंही नव्हतं. पण आपली सुट्टी कुणाच्या खात्यात जमा होते आहे ते आधी बघावं, एवढं मला तेव्हापासून वाटतं.

ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना सांगतो की माहिती कुणीही वापरा, विकासुद्धा, फक्त श्रेय द्या. आणि या माहितीच्या साठ्यात भर घालून तो पुढे वाटलात तर त्याच अटींवर वाटा. हा परवानाही आभाळातून पडलेला नाही. आधी वेगळा होता, तो माहितीच्या साठ्याला नीट बसत नाही म्हणून वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि १२ सप्टेंबर २०१२ पासून आताचा लागू झाला. त्यासाठी प्रत्येक नकाशाकाराला विचारण्यात आलं, तुझं काम नव्या अटींवर ठेवू का? ज्यांनी नाही म्हटलं किंवा उत्तरच दिलं नाही त्यांचं काम काढून टाकलं. ऑस्ट्रेलिया आणि पोलंडमध्ये त्यामुळे नकाशाला मोठी भोकं पडली, लोकांनी ती पुन्हा चालून भरली. काही जण चिडून निघून गेले आणि जुन्या परवान्यावरच आपला वेगळा नकाशा चालवू लागले. नुकसान झालंच. तरी विचारलं गेलं, आणि ज्याला पटलं नाही त्याला जाताही आलं. पुढे मी जे सांगणार आहे त्यात हे पुन्हा पुन्हा येईल.

आता तुझ्या सॉफ्टवेअरकडे वळू. ब्राउझरमध्ये ‘संपादन’ दाबल्यावर जे उघडतं, तू वापरलंस ते, त्याचं नाव आयडी. २०१३ पासून आहे. त्याआधी फ्लॅशवर चालणारं पॉटलॅच होतं. कुणीतरी तुला सांगितलंय म्हणे की खरे नकाशेवाले संगणकावर टाकायचं जोसमच वापरतात. असं म्हणणारे प्रत्येक क्षेत्रात असतात, त्यांना हसून सोडून दे. आयडी चांगलं आहे, नवख्याला घाबरवत नाही, आणि तुझ्या रेघा आयडीमुळे गेलेल्या नाहीत.

मात्र वाडीतल्या कामासाठी मी तुला आधी फोनवरचं स्ट्रीटकम्प्लीट घ्यायला सांगेन. अँड्रॉइडवर चालतं, फुकट आहे, कोड उघडा आहे. ते तुला आत काय लिहायचं ते शिकायला लावत नाही. तू जिथे उभी असशील तिथलं काय अपुरं आहे ते बघून प्रश्न विचारतं. हा रस्ता डांबरी की मातीचा? या दुकानाची वेळ काय? या पुलावर किती वजनाची गाडी जाते? उत्तर दिलंस की आतली नोंद ते लिहितं. दाराशी उभं राहून भरलेलं असल्यामुळे अशा कामावर सहसा कुणी शंका घेत नाही. नवा रस्ता काढणं हे त्याचं काम नाही, तिथे कमी पडेल. तसं काही असेल तर फोनवर वेस्पुची आहे, पण ते पहिल्याच आठवड्यात उघडू नकोस, डोकं दुखेल. मैत्रिणीकडे आयफोन असेल तर तिला एव्हरी डोअर सांग.

जोसम मात्र कधीतरी शीकच, आणि ते मानासाठी नाही. आजोळी नेटवर्क येतं कधी आणि जातं कधी हे तुला माहीत आहे. जोसममध्ये तू तालुक्याच्या गावी बसून वाडीचा तुकडा उतरवून घेऊ शकतेस, फाइल म्हणून ठेवू शकतेस, वाडीत नेटशिवाय दिवसभर काम करू शकतेस आणि परत आल्यावर चढवू शकतेस. मध्ये दुसऱ्या कुणी तीच वस्तू बदलली असेल तर ते दोन्ही नोंदी शेजारी ठेवून विचारतं, कुणाचं ठेवायचं? २००५ पासून चालू आहे, दिसायला रुक्ष आहे, बटणांची गर्दी आहे. पण नेटवर्क नसलेल्या गावांची अडचण लोक गप्पांमध्ये विसरतात आणि हे रुक्ष सॉफ्टवेअर विसरत नाही, म्हणून माझा त्याच्यावर जीव आहे.

आयडीबद्दल एक सावधगिरीही सांगते. मेनूतून तू ‘पायवाट’ किंवा ‘क्रॉसिंग’ निवडतेस तेव्हा आत नेमका कुठला टॅग, म्हणजे ती वस्तू काय आहे हे सांगणारी नोंद, लिहायचा हे आयडी ठरवतं. जगभरचे बहुसंख्य नवखे त्यातूनच येतात, त्यामुळे आयडीने एक शब्द बदलला की जगाचा नकाशा बदलतो. झेब्रा क्रॉसिंगवरून केवढा गदारोळ झाला माहिती आहे? आयडी आधी ‘झेब्रा’ अशी नोंद करायचं, मग ‘मार्क्ड’ अशी करू लागलं, आणि जुन्या नोंदी दिसल्या की ‘ही कालबाह्य आहे, बदलू का?’ असंही सुचवू लागलं. नवख्याला काय कळणार? तो हो म्हणायचा. इकडे ज्यांनी वर्षानुवर्षं त्या नोंदींना विशिष्ट अर्थ दिला होता ते खवळले: हे ठरवलं कुणी, आणि कुठे? आयडी लिहिणाऱ्यांचं म्हणणं, आम्ही सॉफ्टवेअर लिहितो, प्रत्येक शब्दासाठी सभा भरवत बसलो तर काम कधी करू? मला दोघांचंही पटतं, आणि खरं सांगू, तशी चिडचिड दोघांचीही समजते. शेवटी २०२० मध्ये ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनने अशा तंट्यांसाठी एक छोटी समिती नेमली, आणि पुढच्या वर्षी आयडीच्या देखभालीसाठी स्वतःच्या पैशातून माणूस ठेवला. फुकटचं म्हणतो त्या सॉफ्टवेअरलाही कुणाचा तरी पगार लागतो.

तुझ्यासाठी यातून एवढंच घे. आयडीत खाली ‘टॅग’ असा भाग असतो, तो उघडून बघण्याची सवय लाव. सॉफ्टवेअर तुझ्या नावाने काय लिहितंय ते तुला दिसायला हवं. शंका आली तर टॅगइन्फोवर जा, तो टॅग जगात किती ठिकाणी वापरलाय ते तिथे कळतं. काही टॅग मतदानाने मंजूर होतात, पण बरेचसे नुसते वापरून रूढ होतात, आणि मंजूर झालेलाही कुणावर सक्तीचा नसतो. भाषेसारखंच चालतं हे, व्याकरण मागून येतं.

आता फोनवर नकाशा बघायचं अॅप. हा प्रश्न तू सहज विचारलास, पण शिकण्यासारखं सगळ्यांत जास्त याच गोष्टीत आहे. मॅप्सविथमी नावाचं एक अॅप होतं, नेटशिवाय चालणारं, लोकांचं फार लाडकं. पुढे त्याचं नाव मॅप्स डॉट मी झालं. २०१४ मध्ये ते रशियाच्या मेल डॉट आरयूने विकत घेतलं आणि वर्षभरात त्याचा कोड खुला केला. २०२० मध्ये ते पुन्हा विकलं गेलं, नव्या मालकांनी त्याचं रूपडं पालटलं, लोकांना ते रुचेना. मग मूळच्याच काही जणांनी तो खुला कोड उचलून ऑर्गॅनिक मॅप्स उभं केलं: जाहिराती नाहीत, पाळत नाही. लोक खूष. आणि २०२५ मध्ये त्याच ऑर्गॅनिक मॅप्सच्या कार्यकर्त्यांनी जाहीर पत्र लिहिलं की निर्णय कोण घेतं, देणग्यांच्या पैशाचं काय होतं हे आम्हाला कळत नाही, कंपनी भागधारकांची आहे आणि आमचं म्हणणं ऐकलं जात नाही. बोलणी फिसकटली आणि त्यांनी कोमॅप्स या नावाने पुन्हा वेगळी चूल मांडली.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, या लोकांना भांडण्यापलीकडे काही येत नाही. मला उलट वाटतं. इतक्या वेळा मालक बदलले, माणसं फुटली, तरी वापरणाऱ्याचं काय गेलं? एक अॅप काढून दुसरं टाकावं लागलं. खालची माहिती तीच, वाडीचा ओढा तिथेच. कोड खुला नसता तर पहिल्याच विक्रीत सगळं संपलं असतं. म्हणून कुठलंही साधन घेताना मी त्याच्या देखणेपणाकडे नंतर बघते. आधी बघते की हे सांभाळतं कोण, त्याचा खर्च कुठून निघतो, आणि उद्या बिनसलं तर काम पाठीवर टाकून निघता येईल का. तुला कुठलं घ्यायचं ते घे. ट्रेकला जात असशील तर ओस्मअँड जास्त खोलात जातं, डोंगराच्या समोच्च रेषा वगैरे दाखवतं, पण शिकायला वेळ लागतो. नुसतं बघायला ऑर्गॅनिक मॅप्स आणि कोमॅप्स दोन्ही हलकी आहेत.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी वेबवर नकाशा दाखवायचा आहे म्हणालीस. तिथेही हीच कथा आहे, म्हणून भरभर सांगते. मॅपबॉक्सने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या नकाशा काढणाऱ्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीचा परवाना बंदिस्त केला. जुनी आवृत्ती खुली होती, ती घेऊन लोकांनी मॅपलिब्र काढलं आणि आज ते मजेत चाललंय. साधा प्रकल्प असेल तर लीफलेट पुरे, कोड लिहायचाच नसेल तर यूमॅप. एक मात्र पाळ: ओपनस्ट्रीटमॅपचे सर्व्हर देणग्यांवर चालतात, तेव्हा तिथून सगळ्या महाराष्ट्राचे तुकडे एकदम उतरवायला बसू नकोस. आणि कोपऱ्यात श्रेयाची ओळ ठेव. ती काढली तर नकाशा सुंदर दिसतो असं तुझा डिझाइनवाला मित्र म्हणेल; त्याला सांग, दिसू दे थोडा कमी सुंदर.

चला, आता मूळ दुखणं, बोलणं. गावच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तू आबांबरोबर गेली होतीस ना? तिथे जो माणूस विषयपत्रिका वाचून येतो, आपलं म्हणणं दोन वाक्यांत मांडतो आणि इतिवृत्तात नोंदवून घेतो, त्याचं काम होतं. जो बाहेर चहाच्या टपरीवर तावातावाने बोलतो त्याचं नाही. नकाशाचंही तसंच आहे. त्या माणसाला खाजगीत झापू नकोस, मैत्रिणींच्या ग्रुपवर त्याचे स्क्रीनशॉट फिरवू नकोस. ज्या संपादनाखाली त्याने प्रश्न टाकलाय तिथेच, सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिही. साधं लिही: मी या वाडीत राहून रस्ते चालत जीपीएसने नोंदवले आहेत, देवळं आणि शाळा स्वतः पाहिल्या आहेत, कुठल्याही नकाशावरून काही घेतलेलं नाही, वर्गीकरणात काही चुकलं असेल तर सांगा, नसेल तर मी परत चढवते. इंग्रजीची लाज वाटून गप्प बसू नकोस. जगातले निम्मे नकाशाकार मोडकंतोडकं इंग्रजीच लिहितात, जर्मन तर बिनधास्त. चार दिवस थांब. उत्तर आलं नाही तर परत चढव, या वेळी टिप्पणीसकट. पुन्हा काढलं तर भांडत बसू नकोस, अशा तंट्यांसाठी डेटा वर्किंग ग्रुप आहे, त्यांना कळव. एकाने काढायचं, दुसऱ्याने टाकायचं, असं आळीपाळीने चालू झालं की तिसऱ्याला दोघेही सारखेच दिसतात.

आणि आपल्यातलं सांगते, वर्गीकरण थोडं चुकलेलं आहेच. पाणंद तू गावाच्या डांबरी रस्त्याच्या दर्जाने काढलीस. पावसाळ्यात त्या चिखलातून ट्रॅक्टर रुततो तिथे उद्या एखादं अॅप कुणाची तरी अल्टो पाठवेल. पाणंद, शिवरस्ता यांना ‘ट्रॅक’ असा टॅग आहे, आणि तो किती पक्का आहे हे सांगायला ‘ग्रेड’ एक ते पाच. खडी पडलेली असेल तर दुसरी किंवा तिसरी, नुसती माती आणि गवत असेल तर पाचवी. वाडीसाठी ‘हॅम्लेट’ वापर, तिला मूळ गावात मिसळून टाकू नकोस. महसुलाच्या कागदावर तिला स्वतंत्र नाव नसलं तरी नकाशावर असायला काहीच हरकत नाही. विहीर कोरडी असली तरी टाक, पण तसं लिही.

नावांवरून तर महाराष्ट्रात कायमची खडाजंगी. मुख्य नाव रोमन लिपीत की देवनागरीत यावर भारतात एकमत नाही, त्यात तू पडू नकोस, पण मराठी नावाचा स्वतंत्र रकाना असतो, ‘नेम’ पुढे ‘एमआर’ लावलेला, आणि खेड्यापाड्यांचा तो बहुतेक ओसाड असतो. तो भरत जा, त्यावर कुणी भांडणार नाही. एकाच जागेला दोन नावं असतील तर दोन्ही ठेवायची सोय आहे. पेडर रोड कागदोपत्री गोपाळराव देशमुख मार्ग आहे, मरीन ड्राइव्ह नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग, पण टॅक्सीवाल्याला कुठलं सांगशील? अधिकृत नाव, जुनं नाव, लोकांच्या तोंडचं नाव, प्रत्येकाला जागा आहे. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर यांच्या बाबतीतही जुनं नाव पुसून टाकायचं नसतं, जुन्या नावाच्या रकान्यात ठेवायचं असतं, म्हणजे जुनं शोधणाऱ्यालाही गाव सापडतं. हे समजावून सांगताना कुणी राजकारण काढलं तर तिथून उठ. देशाच्या सीमारेषेला तर हातच लावू नकोस. ओपनस्ट्रीटमॅप जमिनीवर ताबा कुणाचा आहे त्यावरून रेघ काढतं आणि आपला कायदा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणे सीमा दाखवायला सांगतो. तो गुंता तुझ्यामाझ्याने सुटणारा नाही. स्वतःचा नकाशा छापशील तेव्हा भारतीय कायद्याप्रमाणे सीमा दाखव, म्हणजे झालं.

आता थोडं बाईमाणसाचं. या जगात पुरुष फार जास्त आहेत, आणि त्याचा परिणाम नुसता बोलण्याच्या सुरावर होत नाही, नकाशावरही होतो. २०११ मध्ये पाळणाघरासाठी वेगळा टॅग असावा असा प्रस्ताव आला आणि मतदानात पडला. मोनिका स्टीफन्स या भूगोलाच्या अभ्यासकाने २०१३ मध्ये दाखवून दिलं की त्याच नकाशात वेश्यागृहांसाठी, नाइट क्लबांसाठी बारकाईने वेगवेगळे टॅग होते. पाळणाघर शोधायची वेळ ज्यांच्यावर येते त्या मतदानाला नव्हत्या, इतकं साधं कारण. नंतर तो टॅग वापरून वापरून रूढ झाला, आज सर्रास आहे. लॅटिन अमेरिकेतल्या बायकांनी २०१६ मध्ये जिओचिकास नावाचा गट काढला आणि आपापल्या शहरांत बायकांची नावं किती रस्त्यांना आहेत त्याचा नकाशाच मांडला. आपल्याकडे असं काम करायला कुणी तुझी वाट बघत बसलेलं नाही, पण अडवणारंही कुणी नाही. अंगणवाडी, आशाताईचं घर, रात्री दिवा असलेला बसथांबा, स्वच्छतागृह चालू आहे की कुलूप, हे तुला दिसतं आणि त्या इंग्रजीत प्रश्न विचारणाऱ्याला दिसणार नाही.

ते करताना स्वतःकडेही बघ. तुझं प्रत्येक संपादन जाहीर असतं, वेळेसकट. खात्याला पूर्ण नाव दिलं आहेस ते बदल, सोपं आहे. कुणाचं काम कुठे साचलंय ते नकाशावर दाखवणारी साधनं आहेत, आणि नवख्या माणसाचा ढीग बहुतेक त्याच्या घराभोवती असतो. म्हणून होस्टेलच्या गल्लीपासून सुरुवात करू नकोस, चार ठिकाणी काम कर. जीपीएसचा माग चढवताना दोन्ही टोकं कापून टाक, म्हणजे दारापर्यंत रेघ जात नाही. स्ट्रीटकम्प्लीटवर उत्तरं जागेवर भर, पण चढवायची संध्याकाळी घरी येऊन, तशी सोय त्यात आहे. संकटातल्या बायकांच्या आसऱ्याची जागा कळली तर ती कधीच टाकायची नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. मोकळा नकाशा म्हणजे सगळंच मोकळं नव्हे.

तुझ्या कॉलेजच्या मुलांनी टेलिग्राम आणि व्हॉट्सअॅपवर गट काढलाय म्हणतेस. काही जण नाक मुरडतील की मोकळ्या नकाशाची चर्चा बंद अॅपवर कशी? तत्त्वाने त्यांचं खरं आहे. पण माणसं जिथे आहेत तिथे बोलल्याशिवाय काम पुढे जात नाही, म्हणून गप्पा तिथे मारा. ठरलेलं मात्र ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर किंवा संपादनाच्या टिप्पणीत लिहा. नाहीतर दोन वर्षांनी कुणी विचारेल, या तालुक्यातल्या पाणंदी ट्रॅक का केल्या, आणि उत्तर कुणाच्या तरी हरवलेल्या फोनमध्ये असेल.

आणखी एक, खोट्या नोंदी बघून निराश होऊ नकोस. पोकेमॉन गो हा खेळ २०१७ च्या शेवटापासून याच नकाशावर चालतो, आणि २०२४ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर सापडणाऱ्या एका प्राण्यासाठी खेळाडूंनी चक्क भलत्याच जागी खोटे समुद्रकिनारे काढले. नकाशावाल्यांनी ते शोधून पुसले. ते पुसणारा माणूस असाच कुणीतरी, संध्याकाळी घरी बसून नव्या खात्यांची कामं तपासणारा, थोडा चिडका, आणि ‘हे कुठून घेतलं?’ असं विचारणारा.

तर आज रात्री ते उत्तर लिही. पाठवण्याआधी मला दाखवायचं असेल तर दाखव, पण दुरुस्त मी करणार नाही, तुझ्या भाषेतच जाऊ दे. शनिवारी जोसम उतरवून ठेव, व्हिडिओ कॉलवर बसू. पाणंदीचा टॅग बदलण्यापासून सुरू करू आणि मग ओढ्याचं नाव काय लिहायचं ते आजीला फोन लावून विचारू.